दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर



छत्रपती संभाजीनगर म्हणा की जुन्या सवयीने औरंगाबाद म्हणा, आमच्या वस्त्यांत नळाला पाणी नेमके केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ज्योतिषावर आमचा विश्वास नाही. पण असता तरी या बाबतीत ज्योतिषानेही हात टेकले असते. पैठणला नाथसागर भरलेला असतो, आणि तिथून पन्नास किलोमीटरवर आमच्या गल्लीत कित्येक दिवसांआड, तेही रात्री-अपरात्री पाणी येते. घरातली बाई दिवसभर धुणीभांडी करून किंवा कंपनीत उभी राहून थकलेली असते. तरी पाण्याच्या दिवशी तिला डोळा लावता येत नाही. एकदा का झोप लागली की चार दिवस शेजारणीच्या दारात कळशी घेऊन जाण्याची पाळी!

आमचा धाकटा आठवीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन लागले तेव्हा त्याने ठरवले, नळाला पाणी आले की वाजणारी घंटी करायची. त्याच्या सरांनी वहीत आकृती काढून दिली. बापाला कोण आनंद! ज्वालामुखी आणि सूर्यमाला करणारी पोरे पुष्कळ असतात. आमच्या पोराला आईची झोप आठवली.

सामान आणायला आम्ही त्याला घेऊन सिटी चौकाच्या आतल्या गल्लीत गेलो. तिथे एका चाचांचे सुट्या भागांचे दुकान आहे. दुकान कसले, सहा फुटांची खोली. भिंतभर लहान लहान खण, खणांवर पेनाने लिहिलेले आकडे. आमच्या वस्तीची या दुकानाशी जुनी ओळख. जयंतीच्या कमानीवरचे पळते दिवे पूर्वी आमची पोरे भाड्याने आणत. एका वर्षी चाचांनी त्यांना ५५५ आणि ४०१७ नावाच्या दोन आयसी देऊन ते दिवे कसे पळवायचे हे तीन संध्याकाळ बसून शिकवले. त्यातला एक पोरगा पुढे आयटीआयला गेला आणि आज वाळूजला पॅनेल वायरिंग करतो.

चाचांनी वही पाहिली आणि एकेक खण उघडून वस्तू काचेवर मांडल्या. बझर ३० रुपये, बॅटरी ३०, बोर्डाचा तुकडा २०, क्लिप, स्विच आणि वायर दहा-दहा, ट्रान्झिस्टर २, रेझिस्टरची जोडी २. हिशेब झाला ११४ रुपयांचा.

आता पुढचे लिहिताना आमची मान खाली जाते, पण लिहिले पाहिजे. चाचा खण उघडत होते तेव्हा आम्ही खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्या काचेवर मांडलेल्या वस्तूंचा फोटो घेतला. मोबाइलवर शोधले तर हीच घंटी रंगीत खोक्यात, तयार संच, किंमत ५९९ खोडून ९९! पोराचे डोळे त्या खोक्यावर खिळले. आम्ही म्हणालो, "चाचा, जरा बघून येतो." चाचा काही बोलले नाहीत. एकेक वस्तू ज्या त्या खणात परत टाकत राहिले. दुकानदाराला गिऱ्हाईक बघून येतो म्हणाले की कुठे जाते, हे त्यांना काय कळत नसेल?

पंधरा रुपये वाचवल्याच्या आनंदात आम्ही घरी आलो.

पार्सल गुरुवारी संध्याकाळी आले. प्रदर्शन शनिवारी. खोके उघडले तर बॅटरी नाही. 'बॅटरी वेगळी' असे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले होते म्हणे. ३० रुपयांची बॅटरी कोपऱ्यावरून आणली, म्हणजे पंधरा वाचले होते ते गेलेच, वर आणखी पंधरा गेले. शुक्रवारी शाळेतून आल्यावर पोराने आकृती पाहून सगळे जोडले, वाटीत पाणी घेतले, दोन तारा बुडवल्या. आवाज नाही. तारा उलट केल्या. नाही. बझर थेट बॅटरीला लावला तर वाजतो, पण पाण्याने वाजत नाही. रात्रीचे आठ वाजले. संच विकणाऱ्याला फोन लावावा तर फोन नंबरच नाही. तक्रार लिहिली तर उत्तर आले की आपले समाधान आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची आई म्हणाली, "जा की चाचांकडे. लाजता कशाला? लाज त्या दिवशी वाटायला पाहिजे होती."

गेलो. चाचा शटर ओढत होते. ते त्यांनी पुन्हा अर्धे वर केले, घड्याळजीसारखे भिंग डोळ्याला लावले आणि तो तीन पायांचा काळा दाणा उजेडात धरला. म्हणाले, "बेटा, ये पाँच सौ सत्तावन है. तेरे को पाँच सौ सैंतालीस होना."

झाले होते ते एवढेच. बीसी ५४७ आणि बीसी ५५७ हे दिसायला जुळे भाऊ. आकडा इतका बारीक की आमच्या चष्म्याला दिसत नाही. पण स्वभाव उलटा! एकाला सुरू करायचे तर मधल्या पायाला बॅटरीची धन बाजू लागते, दुसऱ्याला ऋण बाजू. पोराच्या आकृतीत पाणी मधल्या पायाला धन बाजू पोहोचवणार होते, आणि संचात आलेला दाणा दुसऱ्या जातीचा. (जात म्हणजे प्रकार, वाचकहो. ट्रान्झिस्टरमध्ये उच्चनीच नसतो.) वाजणार कसा?

चाचांनी खणातून खरा दाणा काढला, पहिला पाय स्वतः डाग देऊन बसवला आणि उरलेले दोन पोराला बसवायला लावले. डागाची काडी कशी धरायची, कथील वितळल्यावर किती थांबायचे, पाय जळू नये म्हणून काय करायचे, सगळे दाखवले. चहाच्या ग्लासात तारा बुडवल्या आणि बझर असा ओरडला की शेजारचा मोबाइलवाला बाहेर आला. आम्ही पन्नासची नोट पुढे केली. त्यांनी दोन रुपयांचे नाणेच मागितले.

हा दाणा साधा दिसला तरी त्याची कथा मोठी आहे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालून दाखवला गेला, आणि बार्डीन, ब्रॅटन व शॉकली या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली. आपल्या घराघरांत जे वर्ष तोंडपाठ आहे, तेच हे वर्ष! आज मोबाइलमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर नखाएवढ्या जागेत बसतात. पण ते कसे चालतात हे पोराला पाहायचे असेल, तर तीन पायांचा सुटा दाणाच हातात घ्यावा लागतो.

त्या रात्री चाचांनी सांगितले की दुकानाचा अर्धा भाग ते मोबाइलच्या कव्हरांना देणार आहेत. "पुर्जे कोई लेता नहीं अब. पूछने आते हैं." पूछने आते हैं, हे शब्द आमच्या वर्मी लागले.

ही एकट्या चाचांची गत नाही. अमेरिकेत रेडिओ शॅक नावाची हजारो दुकानांची साखळी होती. १९२१ साली बोस्टनमध्ये सुरू झालेली. पिढ्यान्‌पिढ्या पोरे तिथे सुटे भाग घेऊन रेडिओ जोडायला शिकली. २०१५ साली तिचे दिवाळे निघाले. इंग्लंडमधली मॅप्लिन नावाची तशीच साखळी २०१८ मध्ये बुडाली. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली अजून उभी आहे, आणि चाचांसारखे दुकानदार तिथूनच माल आणतात. पण लॅमिंग्टन रोडवरून दहा नग आणणारा आणि लाखो नग उचलणारी कंपनी यांच्या भावात फरक पडणारच. त्यात भाडे, विजेचे बिल, आणि खणात वर्षानुवर्षे पडून राहणारा माल. कधी कोणाला लागेल म्हणून ठेवलेला तो दोन रुपयांचा दाणा पाच वर्षे पडून असतो. शुक्रवारी रात्री साडेआठला तो आमच्या उपयोगी पडला.

इथे कोणी म्हणेल, लेखक एकांगी लिहितात. तेव्हा दुसरी बाजूही ऐका. आम्ही पाचवीत असताना वडिलांसोबत कंपासपेटी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो होतो. मालकाने वडिलांना विचारले, कुठल्या वस्तीतले? वडिलांनी सांगितले. मालक म्हणाला, पोराला म्हणावे हात लावू नको, आधी पैसे दाखवा. वडिलांनी पैसे काउंटरवर ठेवले, पेटी घेतली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती पेटी आम्हाला कधीच आवडली नाही. म्हणून आजची आमची पोरे जेव्हा म्हणतात, "बाबा, मोबाइल आडनाव विचारत नाही," तेव्हा आमच्याजवळ उत्तर नसते. अपमान करणारे दुकान केवळ जवळ आहे म्हणून जगवा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आपल्या कष्टाचा पैसा जिथे मान मिळतो तिथेच गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ते पार्सल आमच्या दारात घेऊन आला तो मागच्या गल्लीतलाच पोरगा, बी.ए. झालेला. उन्हातान्हात पेट्रोल जाळून पार्सलामागे काही रुपये मिळवतो. ऑनलाइन खरेदी बंद करा असे त्याच्या तोंडावर कसे म्हणावे? शिवाय काही वस्तू मोबाइलवर खरोखरच स्वस्त पडतात. पॉलिटेक्निकच्या पोरांना लागणारे आर्डुइनोचे बोर्ड आम्ही दोन्हीकडे विचारले. चाचांकडे दीडशे रुपये जास्त होते. मजुराच्या घरात दीडशे म्हणजे दोन दिवसांची भाजी. ज्याने ते मोबाइलवरून घेतले त्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण मग चाचांच्या काचेवर माल मांडून घ्यायचा, त्यांचे ज्ञान फुकट घ्यायचे आणि पैसे दुसरीकडे द्यायचे, हे मात्र आम्हाला आता पटत नाही. आम्ही तेच केले होते, म्हणून अधिकाराने सांगतो. मोबाइलवरूनच घ्यायचे असेल तर आधी दुकानात जाऊन फोटो काढू नका. आणि दुकानात विचारले, समजून घेतले, तर तिथूनच घ्या.

मोबाइलवरून घेणाऱ्यांनी थोडी सावधगिरी बाळगावी. पार्सल उघडताना दुसऱ्याला व्हिडिओ काढायला लावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता दिसलाच पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. नाही झाले तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोला. लहान मुलांचे खेळणे म्हणून विकलेल्या संचावर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे आहे. मात्र एक लक्षात घ्या, प्रदर्शन उद्यावर असताना महिन्याभराचे निवारण काही कामाचे नाही.

आणि दरवेळी संच लागतोच असेही नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. त्यांनी आगकाड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब यांचे त्रिकोण, चौकोन, घरे करून लाखो मुलांना भूमिती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वॉल्व्ह ट्यूब मोबाइलवर शोधू नका, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळते.

आमच्या वस्तीत आता असे ठरले आहे की शाळेचे प्रकल्प लागले की मुलांच्या याद्या विहारात गोळा करायच्या आणि एकदमच चाचांकडे द्यायच्या. वीस-पंचवीस नगांचा भाव ते कमी लावतात, हे विचारून घेतले. पहिल्या यादीत अठरा मुले होती. एका रविवारी चाचा स्वतः डागाची काडी घेऊन विहारात आले आणि दोन तास मुलींना शिकवले. मुलांपेक्षा मुलींचा हात स्थिर, असे त्यांचे मत पडले. कव्हरांचा बेत त्यांनी सोडलेला नाही. अर्ध्या दुकानात कव्हरे लागलीच. उरलेल्या अर्ध्यात खण आहेत.

प्रदर्शनात पोराला नंबर मिळाला नाही. पहिला आला तो चांद्रयान करणारा. घंटी आम्ही घरी आणून नळाखालच्या डब्याला बांधली. पाचव्या रात्री सव्वातीनला ती अशी कोकलली की निम्मी गल्ली उठून बसली. आम्हाला वाटले आता भांडण होणार. पण बाया कळश्या घेऊन नळावर धावल्या, आणि सकाळी तीन घरांतून निरोप आला, आम्हालाही एकेक करून द्या. पोरगा आकृतीची वही काखेत मारून चाचांकडे निघाला. तीन दाणे आण म्हणालो तर म्हणतो कसा, "पाच आणतो बाबा. दोन जळतील."