फिटची गोळी आणि खोक्यातच राहिलेला कागद

कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्ये उभे राहा. फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन एखादी बाई येते. जवळ असतील तेवढ्या पैशांत बसतील तेवढ्या गोळ्या मागते. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, सात नाहीतर चौदा गोळ्या कागदी पाकिटात घालतो. त्या औषधाचा माहितीचा कागद खोक्यातच राहतो. तो मिळाला असता तरी काय? इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आता हे वाचा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2023 पासून सोडियम व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी, मोजके अपवाद सोडले तर, अशी कापून देताच येत नाही. पूर्ण मूळ खोकं द्यावं लागतं, कारण त्या खोक्यावर गरोदरपणाबद्दलचा इशारा छापलेला असतो आणि आत माहितीपत्रक असतं. गोळी तीच. तिथे ती खोक्यातून मिळते, इथे कात्रीखालून. माझा वाद या फरकाशी आहे.

आधी औषधाबद्दल. व्हॅल्प्रोएट 1967 मध्ये फ्रान्समध्ये अपस्मारावर वापरात आलं. औषध प्रभावी आहे, स्वस्त आहे, भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. फेफऱ्याच्या काही प्रकारांत तर त्याच्याइतकं लागू पडणारं दुसरं औषध सापडत नाही. मानसोपचारात बायपोलर आजारासाठी आणि अर्धशिशी टाळण्यासाठीही ते दिलं जातं. पण आई गरोदरपणात ही गोळी घेत असेल तर साधारण 10 पैकी 1 बाळ जन्मजात व्यंग घेऊन येतं. मणक्याचा दोष, हृदयाचा दोष, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, हातापायांतले दोष. एरवी हे प्रमाण 100 मध्ये 2 ते 3 असतं. शिवाय 10 पैकी 3 ते 4 मुलांच्या वाढीवर, बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम होतो. स्वमग्नतेची शक्यताही वाढते. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. तेवढ्या दिवसांत बऱ्याच बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. म्हणजे ‘गरोदर राहिलीस की येऊन सांग’ हा सल्ला मुळातच उशिराचा आहे. नाव नोंदवायला ती उपकेंद्रात पोहोचते तोवर मणक्याचा फैसला झालेला असतो. फॉलिक अ‍ॅसिड जरूर घ्यावं, पण त्याने या गोळीचा धोका पुसला जात नाही. सांगायची वेळ लग्नाआधी असते, पहिली चिठ्ठी लिहिताना असते.

हे ज्ञान कालचं आहे का? नाही. ब्रिटनच्या औषध समितीपुढे 1973 मध्येच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून धोक्याचे संकेत आलेले होते. डॉक्टरांना कळवायचं ठरलं, पण रुग्णांच्या कागदावर लिहायचं नाही असंही ठरलं. कारण काय? त्यांना उगाच चिंता नको. 1982 मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरातून मणक्याच्या दोषाशी असलेला संबंध समोर आला. तरीही नियम कडक व्हायला 2018 उजाडलं. 2020 मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी अहवालाने साफ सांगितलं की बायका वर्षानुवर्षं तक्रार करत होत्या आणि व्यवस्थेने त्यांचं ऐकलं नाही. फ्रान्समध्ये मारीन मार्तां या आईने 2011 मध्ये बाधित कुटुंबांची संघटना बांधली. पुढे सरकारला भरपाईची योजना आणावी लागली. जानेवारी 2022 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सानोफी कंपनीने दक्षतेचं आणि माहिती देण्याचं कर्तव्य पाळलं नाही असा निर्णय दिला. कंपनीने अपिलाची वाट धरली. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुली-बायकांना हे औषध देऊ नये.

गोऱ्या, शिकलेल्या, वकील करू शकणाऱ्या आयांना हे वदवून घ्यायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. मग जी बाई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते, जिचा केसपेपर दर खेपेला नवा निघतो, तिच्यापर्यंत ही माहिती आपोआप पोहोचेल असं आपण कशाच्या जोरावर समजतो?

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक तपासू.

पहिलं उत्तर: ‘सांगितलं तर या बायका घाबरून गोळ्या सोडतील.’ गोळी एकदम सोडणं जीवघेणं आहे हे अगदी खरं. फिट थांबतच नाही अशी अवस्था येऊ शकते, पाण्यात किंवा चुलीजवळ फिट आली तर जीव जातो. म्हणून हा लेख वाचून कुणीही स्वतःहून एक गोळीसुद्धा बंद करू नये. आधी डॉक्टर, मग बदल. पण यावरून ‘सांगूच नका’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘नीट सांगा’ हा निघतो. अर्धवट ऐकलेली बाई घाबरते. समजावून सांगितलेली बाई प्रश्न विचारते. ‘यांना काय कळतंय’ हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी शाळेच्या दारात ऐकलंय. आता ते ओपीडीच्या दारात ऐकून घ्यायचं का?

दुसरं उत्तर: ‘ओपीडीत वेळ नसतो.’ नसतो, मान्य. दोनशे पेशंट आणि एक डॉक्टर ही डॉक्टरचीही पिळवणूकच आहे. पण माहिती सांगायला दर वेळी न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही. मराठी कार्ड लागतं, खोक्यावर चित्र लागतं, समुपदेशक लागतो. हे खर्चाचं नाही, इच्छेचं काम आहे.

तिसरं उत्तर: ‘दुसरी औषधं परवडत नाहीत.’ ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये तुलना करून लॅमोट्रिजिन आणि लेवेटिरॅसिटाम ही गरोदरपणात तुलनेने सुरक्षित असल्याचं सांगितलं. लेवेटिरॅसिटाम आज जेनेरिक आहे, जनऔषधी केंद्रांच्या यादीतही आहे. प्रश्न तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात त्याचा साठा नियमित असतो का, हा आहे. आणि एखादीला व्हॅल्प्रोएटशिवाय दुसरं काही लागूच पडत नसेल, तर कमीत कमी डोसवर, सगळं समजून, ते घ्यायचा निर्णय तिचा असावा. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे माहितीसह संमती हे सांगून ठेवलंच आहे.

या सगळ्यावर आणखी एक झाकण आहे, लाजेचं. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हा लग्न रद्द ठरवण्याचा आधार होता. तो 1999 मध्ये काढून टाकला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. कायदा बदलला, पण स्थळ पाहायला आलेल्यांपुढे मुलीच्या गोळ्या अजूनही पत्र्याच्या पेटीत लपतात. सासरी गेल्यावर ती चोरून गोळी घेते किंवा घेतच नाही. मग ती मूल हवंय की नको हे डॉक्टरला सांगणार कधी, आणि कुणाला सोबत घेऊन? आपल्या वस्त्यांतही हे घडतं. बुद्धविहारात पंचशील म्हणणाऱ्या घरांतही घडतं. ते आधी आपण थांबवायला हवं.

प्रश्न एकाच गोळीचा नाही. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणजे सरकारी केंद्रातून माला-एन घेऊनही बाईला दिवस जाऊ शकतात. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर चट्टे, तोंडात फोड आले तर ती साधी अ‍ॅलर्जी समजून घरी बसायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. फेनिटॉइनचा डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढू शकतं, तोल जातो, चालताना झोकांड्या जातात, आणि गावात लोक म्हणतात, बाई पिऊन आली.

मग लक्ष कोण ठेवतं? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 2010 पासून आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. रुग्णांनी स्वतः भरायचा फॉर्म मराठीत आहे, 1800-180-3024 हा फुकटचा नंबर आहे. तुमच्या ओळखीत किती जणांना हे ठाऊक आहे? दुसरीकडे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून मुलांमधली जन्मजात व्यंगं शोधतो. त्याच्या यादीत मणक्याचा दोष आहे, दुभंगलेला ओठ-टाळू आहे, हृदयदोष आहे. म्हणजे व्हॅल्प्रोएटमुळे होऊ शकणारी बरीचशी व्यंगं तिथेच नोंदली जातात. तिथे ‘आईला कोणती गोळी चालू होती?’ हा एक प्रश्न जोडला की दोन सरकारी वह्या एकमेकींशी बोलू लागतील. हे अशक्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही 1998 मध्येच सुरू केली, आणि त्या नोंदींतून व्हॅल्प्रोएटचा धोका भारतीय बायकांमध्येही दिसून आला. केरळात जमतं ते महाराष्ट्रात का जमू नये?

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा काही भार सरकारने उचलावा. आईच्या पोटातलं मूल हा तिचा खासगी मामला म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत, हे तेव्हाच सांगून झालंय.

म्हणून मागण्या सरळ आहेत. व्हॅल्प्रोएटच्या प्रत्येक पट्टीवर आणि खोक्यावर मराठीत व चित्रात इशारा. मूळ खोक्याशिवाय विक्री बंद. बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलीला ही गोळी सुरू करताना लेखी माहिती आणि वर्षातून एकदा फेरतपासणी. आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत एक रकाना: फिटची गोळी चालू आहे का? तालुका पातळीवर पर्यायी औषधांचा कायम साठा. आणि बाधित मुलांसाठी भरपाई.

तोवर आपल्या हातातलं काम आपण करू. वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहाराच्या फलकावर तो नंबर लिहा. फिटच्या गोळ्या घेणाऱ्या बहिणी-वहिनींना गोळीचं नाव विचारा, चिठ्ठीचा फोटो जपून ठेवायला सांगा, दवाखान्यात त्यांच्यासोबत जा आणि डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा: ही गोळी मूल होण्याच्या वयात चालते का, आणि नसेल तर दुसरी कोणती? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.