बेवारस मांजराची तजवीज

घर बदलताना कुटुंबाने बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, याचा दंडक कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही. तथापि इंदुरातल्या रामबागेतील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे भाडेकरू मध्यंतरी पुण्यास रवाना झाले तेव्हा त्यांनी कपाटे, कुंड्या, देव्हारा, इतकेच नव्हे तर भिंतीतले खिळेसुद्धा उपसून नेले, आणि ज्या मांजरीला त्यांच्या मुलांनी मांडीवर घेऊन लहानाची मोठी केली होती तिला मात्र जिन्याखाली ठेवून ते गेले. टेम्पोत भरलेल्या सामानाची यादी त्यांच्या हातात होती. त्या यादीत मांजरीचे नाव नव्हते.

मांजर माणसाला नव्हे, घराला धरून असते, असा एक समज आहे आणि मागे ठेवून जाणाऱ्यांच्या तो फार सोयीचा आहे. ही मांजरी घराला धरून राहिली खरी, परंतु तिच्या लेखी घर म्हणजे उघडे दार होते. त्यामुळे सकाळी जिन्यावर पावले वाजली की ती उठून दाराच्या फटीशी नाक नेई, आतून ओळखीचा कोणताच वास येत नाही अशी खात्री करून घेई आणि पूर्वी जेथे पायपुसणे असे त्या उघड्या फरशीवर पुन्हा अंग मुडपून बसे. पुढे तिने अंग चाटणे सोडले, आणि मांजराने अंग चाटणे सोडले म्हणजे दुखणे बरेच आत गेले असे समजावे. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या, कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ साचला, आणि एरवी न दिसणारा पांढुरका पडदा डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून अर्ध्या बुबुळापर्यंत सरकून आला.

अशा वेळी शेजारधर्म जागा होतो, तसा तो आमच्याकडेही झाला. कोणी वाटीभर दूध ठेवले. मुलांनी रविवारच्या पोह्यांवरची शेव वेचून तिच्यापुढे मांडली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर ‘काहीतरी पोटात जाऊ दे बापडीच्या’ म्हणून दुधात जिलबी कुस्करून दिली. हेतू सर्वांचे निर्मळ होते, परंतु बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि अशक्त जिवाला त्यामुळे जुलाब लागतात. शिवाय गोड चव ओळखण्याची शक्तीच मांजराच्या जिभेत नसते, हे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले आहे, तेव्हा इंदुरात जन्मून जिलबीची गोडी न कळणारा असा हा एकच वर्ग असावा. एक गृहस्थ तापाची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून पाजण्यास निघाले होते, त्यांना वेळीच थांबविले गेले हे बरे झाले. कारण माणसाला उतार देणारी पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला झेपत नाही आणि अर्धी गोळीही त्याचा प्राण घेण्यास पुरेशी होऊ शकते.

दयाळू लोकांच्या जोडीला निश्चिंत लोकांचा एक पक्ष असतोच. ‘काका, मांजराचं काय घेऊन बसलात? आपलं पोट आपण भरतंच की ते,’ असे त्या पक्षाचे म्हणणे पडले. वीसेक वर्षांपूर्वीच्या इंदुरात हे म्हणणे खपून गेले असते, कारण तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कचराकुंडी ओसंडत असे आणि तीत कुत्री, गायी, मांजरे आणि कावळे यांची आपापल्या परीने सोय होई. परंतु २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आलेल्या या नगराने उघड्या कुंड्या केव्हाच हद्दपार केल्या आहेत. सकाळी गाणे वाजवीत गाडी दारात येते, ओले वेगळे, सुके वेगळे घेऊन जाते, आणि रात्रपाळीचे झाडूवाले रस्ता असा लख्ख करून ठेवतात की चिमणीलासुद्धा दाणा शोधावा लागावा. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे आणि कुंड्या परत याव्यात असे कोणीही शहाणा म्हणणार नाही; फक्त एवढेच ध्यानात घ्यावे, की जे जीव आपल्या उष्ट्यावर जगत होते ते आता बहुतांशी आपल्या हातावर जगतात. त्यातही मांडीवर वाढलेले मांजर शिकारीत कच्चे असते, आणि ज्याने काही दिवस अन्न टाकले त्याच्या अंगातील चरबी यकृतात साचून त्यालाच घातक ठरते. त्याला ‘भरेल आपले पोट’ म्हणून सोडणे म्हणजे उपासमारीलाच स्वावलंबनाचे नाव देणे होय.

शेवटी पुण्यास दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, ‘अहो, ती आमची कुठं होती? यायची-जायची इतकंच. आणि इथले मालक जनावर ठेवू देत नाहीत.’ यातले दुसरे कारण खरे असेल, आणि भाड्याच्या जागेत राहणाऱ्या मध्यमवर्गीयाची लाचारी मला परकी नाही. परंतु पहिले कारण मात्र सपशेल नाकबूल करण्याजोगे आहे. जिला नाव ठेवले, हाक मारली आणि हाकेसरशी जी धावत आली, ती यायची-जायची कशी?

कायद्याचे या बाबतीतले म्हणणे स्पष्ट आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नियुक्त झाल्यावर प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले, नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिले आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम अस्तित्वात आला. त्याच्या अकराव्या कलमानुसार उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणावाचून जनावर टाकून जाणे हा गुन्हा आहे. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड! साठ वर्षांपूर्वी ही रक्कम थोडीफार बोचत असेल. आज पन्नास रुपयांत सराफ्याच्या खाऊगल्लीत एका माणसाचे धड पोटही भरत नाही. कायदा असून त्याची भीती नाही, ही अवस्था कायदा नसण्याहून विशेष निराळी नव्हे.

लोकाचारात तर याहून विचित्र प्रकार आहे. मांजर मारल्यास काशीस जाऊन सोन्याचे मांजर अर्पण करावे लागते, असे आमच्या आज्या बजावून सांगत, आणि त्या धाकामुळे मांजराला काठी लावताना लोक कचरत हे खरे. परंतु मारण्याचे पाप इतके महाग आणि टाकून येण्याचे पाप फुकट, असा हिशेब असल्यामुळेच की काय, नको असलेली पिले गोणीत घालून नदीपलीकडे सोडून येण्याची रीत आमच्या सोवळ्या घरांतही निर्वेधपणे चालत आली. आपल्या हातून मरण नको, आपल्या डोळ्यांआड खुशाल यावे! हात स्वच्छ ठेवण्याच्या या सोवळेपणाची गणना मी दयेत करू शकत नाही.

आता प्रश्न उरला तो आमचा. कोणी सुचविले, मासळीबाजाराजवळ सोडून या, तिचे बरे चालेल. परंतु अनोळखी मुलुखात टाकलेले मांजर तिथल्या बोक्यांकडून मार खाते किंवा परतीची वाट शोधताना वाहनाखाली येते, तेव्हा ही सूचना म्हणजे पुण्यास गेलेल्यांचेच काम आम्ही पुरे करण्यासारखे होते. कोणी पांजरपोळाचे नाव घेतले. पण ती संस्था मूळची गुरांची, आणि भिंतीवरून उडी मारणाऱ्या जिवाला आवारात राखणे हे गोशाळेच्या मुनिमाचे काम नव्हे. घरात घ्यावी म्हटले तर आमचे घर शाकाहारी. आणि मांजर तर जातीचे मांसाहारी. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते, तेव्हा नुसत्या दूधभातावर त्याला पोसणे म्हणजे आपले व्रत त्याच्या जिवावर पाळणे. सौभाग्यवतींनी क्षणभर विचार करून निकाल दिला, ‘माझ्या स्वयंपाकघरात नाही. जिन्याखाली डबा ठेवा, त्यात काय आहे ते मी विचारणार नाही.’ पुष्कळ न्यायाधीशांना इतका सुटसुटीत निवाडा सुचत नाही.

पशुवैद्यांच्या टेबलावर मात्र खरी कसोटी लागली. तपासणी होण्यापूर्वी तेथील मुलाने नोंदवही पुढे केली आणि विचारले, ‘मालक कोण?’ आम्ही तिघेजण गेलो होतो, आणि तिघेही एकमेकांकडे पाहू लागलो. १९६० च्या त्याच कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणजे केवळ मूळ धनी नव्हे, तर ज्याच्या ताब्यात जनावर त्या वेळी असेल तोही. म्हणजे तिला पिशवीत घालून येथवर आणल्यावर ‘ती आमची कुठे आहे’ हे वाक्य आता आमच्याही कामाचे राहिले नव्हते. त्या रकान्यात मी माझे नाव लिहिले, आणि मदत कशी करावी या प्रश्नाचा उलगडा बराचसा तेथेच झाला.

दयेची भावना उत्पन्न होणे ही सुरुवात असते. तिला माणूस, वेळ आणि पैसा नेमून दिल्याखेरीज ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. हे शिकण्यासाठी इंदूरकराला फार लांब जाण्याचे कारण नाही. जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात अहिल्याबाई होळकरांची एक हकीकत नमूद आहे: महेश्वराच्या आसपास उन्हाळ्यात नांगराला जुंपलेले बैल थांबवून बाईंचा सेवक त्यांना पाणी पाजी, आणि पाखरांसाठी बाईंनी उभी शेते विकत घेऊन ठेवली होती, कारण शेतकरी आपल्या दाण्यावरून पाखरे हाकलतो ते रास्तच आहे, असे त्यांचे मत होते. या दुसऱ्या गोष्टीकडे बारकाईने पाहावे. पाखरांची कीव येऊन त्यांनी रयतेवर हुकूम सोडला नाही, की गोफण फिरविणाऱ्याला निष्ठुर ठरविले नाही. पाखरांचा हक्क आणि कुळाचा हक्क दोन्ही मान्य करून मधला खर्च स्वतःकडे घेतला. होळकरांच्या दौलतीत खासगीचे उत्पन्न निराळे राखलेले असे आणि बाईंचा पुष्कळसा दानधर्म त्यातून चाले. करुणेला स्वतंत्र खाते असावे, हा त्या राज्यकारभारातला धडा मला त्यांनी बांधलेल्या घाटांइतकाच मोलाचा वाटतो.

आमच्या जिन्याखालचे खाते अर्थातच फार लहान आहे. सकाळचे खाणे एका घराने, संध्याकाळचे दुसऱ्याने, पाणी व वाळूची पाटी तिसऱ्याने पाहावी. कोणी गावाला गेल्यास बदली कोण, हे आधी ठरलेले असावे. वर्गणीची वही माझ्याकडे असावी, अशी तजवीज झाली. कानांत औषध पडले, जंतांचे औषध आणि लस झाली, आणि अंगात ताकद आल्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रियाही झाली. कारण नऊ आठवड्यांत पिले देणाऱ्या या जातीला नुसते खाऊ घालून शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या बेवारसांची आजच सोय करणे होय. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी पशुचिकित्सालयाचा रस्ता धरावा. शिवाय महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे १९५५ पासून चालू आहे, ते आपल्यापासून वीसबावीस किलोमीटरांवरच आहे.

घर बदलण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. सामान बांधण्याच्या महिनाभर आधी आपल्या मांजराचा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे उघडपणे मांडा. नेता येत नसेल तर घेणारे घर शोधा, त्याला खाण्यापिण्याची सवय सांगा, लसीचा कागद द्या, आणि जमल्यास पहिल्या काही महिन्यांचा खर्चही द्या. यात लाजण्यासारखे काही नाही. न सांगता जाणे मात्र लाजिरवाणे आहे, आणि त्याबद्दल कायदा तुमच्याकडून दहा रुपयेच मागत असला तरी शेजारी त्याहून बरेच अधिक भरत असतात.