मराठवाड्याची बेकारी कोणत्या रकान्यात?

जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार देशातील बेकारीचा दर ३.२ टक्के होता. २०१७-१८ मध्ये हाच दर ६.१ टक्के होता. सहा वर्षांत बेकारी निम्म्यावर आली, असा निष्कर्ष सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांनी तत्परतेने काढला आणि वृत्तपत्रांनी तो तितक्याच तत्परतेने छापला. या आकड्यांत कोणी लबाडी केली आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु आकडा खरा असणे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती मोठे आहे हे पाहायचे असेल, तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांकडे वळावे लागते.

दसरा उलटला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. बरोबर भांडीकुंडी, शेळ्या, लहान मुले. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि दाराला लावलेली कुलपे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे चारपाच महिने, उसाच्या फडाकाठच्या कोपीत हा संसार चालतो. अशा स्थलांतरितांची संख्या कित्येक लाखांत आहे. श्रमबल पाहणीच्या व्याख्येनुसार या सर्वांना रोजगार आहे. त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही बेकार नाही.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. बेकारी मोजण्याची एकच एक पद्धत भारतासारख्या देशात चालणार नाही, हे प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० सालीच सांगितले होते. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन मापे वापरात आली. पहिले माप नेहमीच्या स्थितीचे. त्यात वर्षभरात दुय्यम काम म्हणून ३० दिवस जरी काम केले, तरी माणूस रोजगारात गणला जातो. दुसरे साप्ताहिक स्थितीचे. त्यात आठवड्यातील कोणत्याही एका दिवशी तासभर काम पुरेसे होते. तिसरे दैनिक स्थितीचे. त्यात माणसे मोजली जात नाहीत, कामाचे आणि बिनकामाचे दिवस मोजले जातात. २००४-०५ मध्ये देशातील बेकारीचा दर पहिल्या मापाने २.३, दुसऱ्याने ४.४ आणि तिसऱ्याने ८.२ टक्के निघाला. देश तोच, वर्ष तेच आणि माणसेही तीच. बदलली ती फक्त मोजपट्टी. २०१७ पासूनच्या नव्या पाहणीत पहिली दोन मापेच चर्चेत असतात. दिवस मोजणारे माप, म्हणजे कोरडवाहू मराठवाड्याचे दुखणे ज्यात दिसले असते नेमके तेच माप, मागे पडले आहे.

ज्याच्या घरी खाण्याची भ्रांत आहे, त्याला काम नाही म्हणून घरी बसता येत नाही. पूर्ण बेकारी ही काही अंशी ऐपतीची गोष्ट आहे. गरीब माणूस मिळेल ते काम, मिळेल त्या दराने आणि मिळेल तेथे करतो आणि आकडेवारीत कामकरी ठरतो. या पाहणीतील इतर तक्तेही हेच सांगतात. २०१७-१८ मध्ये देशातील कामकऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारात होते. २०२३-२४ मध्ये ते ५८.४ टक्के झाले. घरच्या शेतीत वा दुकानात मोबदल्याविना राबणाऱ्यांचा वाटा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेला. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण ४४.१ वरून ४६.१ टक्के झाले. विकास म्हणजे शेतीवरील माणसांचा भार कमी होऊन तो कारखानदारीकडे व सेवांकडे वळणे, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. येथे उलटा प्रवाह वाहतो आहे आणि त्यालाच रोजगारवाढ म्हटले जात आहे.

मराठवाड्याला मागासलेला प्रदेश म्हणण्याची प्रथा आहे. त्यातून असे सूचित होते की पुणे, कोल्हापूर, सांगली पुढे गेले आणि बीड, हिंगोली मागे राहिले. दोन्ही वाटा स्वतंत्र होत्या. वस्तुस्थिती तशी नाही. पश्चिमेकडील बागायती ऊस आणि पूर्वेकडील कोरडवाहू शिवार ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन अंगे आहेत. उसाला वर्षातून चारपाच महिने प्रचंड मनुष्यबळ लागते आणि उरलेले महिने लागत नाही. ते मनुष्यबळ वर्षभर पोसण्याची जबाबदारी कारखान्याने घ्यायची नसेल, तर ते दुसऱ्या कोणत्या तरी जिल्ह्याने पोसले पाहिजे. ती जबाबदारी बालाघाटच्या मुरमाड जमिनीवर टाकण्यात आली आहे. सहकारी कारखान्याचा सभासद ऊस उत्पादक असतो. तोडणी मजूर सभासद नसतो, एवढेच नव्हे तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा वाहतूकदाराशी. सहकाराचे गोडवे गाणाऱ्या महाराष्ट्राने, आणि त्यात पुरोगामी मंडळीही आली, या प्रश्नाकडे अर्धशतकभर पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

या व्यवस्थेची किल्ली उचल ही आहे. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपत आलेले असते, बियाणे-खताची उधारी डोक्यावर असते, एखादे लग्न वा आजारपण निघालेले असते. नेमक्या त्या वेळी मुकादम रोख रक्कम देतो आणि हिवाळ्यातील श्रम पावसाळ्यातच विकले जातात. करार एका माणसाशी नसतो, कोयत्याशी असतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईच्या श्रमाला स्वतंत्र नाव नाही, स्वतंत्र मजुरी नाही. खाडा झाला की दंड मात्र आहे. याची परिणती कोठवर जाते हे २०१९ साली साऱ्या देशाने पाहिले. बीड जिल्ह्यातील तक्रारींनंतर शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकले गेल्याचे निष्पन्न झाले. हे प्रमाण सहांत एक पडते. रोजगाराच्या तक्त्यात या सर्व स्त्रियांची नोंद कामकरी म्हणूनच होणार आणि स्त्रियांचा श्रमसहभाग वाढल्याचे समाधान त्यातूनच मिळवले जाणार.

सुशिक्षितांची स्थिती निराळी असली तरी मूळ एकच आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखानदारी आणि जालन्याचे पोलाद व बियाणे उद्योग सोडले, तर या आठ जिल्ह्यांत औद्योगिक रोजगाराचे मोठे केंद्र शोधावे लागते. नांदेडची उस्मानशाही गिरणी केव्हाच बंद पडली. लातूरने शिकवणी वर्गांचे शहर म्हणून नाव कमावले. पण तेथे शिकून तयार झालेल्या मुलांना लातुरात काय काम आहे? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी राज्यभरातून १० लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार असतील, तर ती परीक्षा राहत नाही, सोडत होते. त्याच वर्षी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून आरक्षणाचे आंदोलन पेटले हा योगायोग नव्हे. आरक्षणाच्या न्याय्य हक्कांची चर्चा वेगळी आहे आणि ती झालीच पाहिजे. परंतु मराठा आणि ओबीसी तरुण एकमेकांसमोर उभे ठाकले असताना ज्या जागांसाठी हा संघर्ष आहे त्या मुळात किती उरल्या, हा प्रश्न दोन्हीकडच्या नेत्यांपैकी फार थोडे विचारतात. भाकरी लहान होत असताना वाटणीचे भांडण पेटते ठेवणे सत्तेला सोयीचे असते.

मराठवाड्याने हा प्रश्न आज विचारलेला नाही. १९५३ च्या नागपूर करारात शासकीय नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन होते. १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात राज्याच्या नियंत्रणाखालील नोकऱ्यांत पुरेशी संधी हा मुद्दा स्पष्ट शब्दांत आला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते याच वचनासाठी आणि वसमतला गोळीबारही झाला. १९८३ साली नेमलेल्या प्रा. दांडेकर समितीने पुढील वर्षी अनुशेष मोजला. राज्याच्या एकूण ३,१८६ कोटींपैकी सुमारे ७५१ कोटी मराठवाड्याचे निघाले. पण तो अनुशेष रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांचा होता. रोजगाराला त्यात स्वतंत्र रकाना नव्हता. रस्ते झाले की रोजगार मागोमाग येईल, अशी त्या काळची श्रद्धा होती. रस्ते बरेच झाले. त्या रस्त्यांवरून ऊसतोडीचे ट्रक अधिक वेगाने जाऊ लागले. १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एक थोर देणगी दिली, ती रोजगार हमीची. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिला १९७२ च्या दुष्काळाने अटळ केले आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. मागेल त्याला काम, हे त्या कायद्याचे सार. त्याच पायावर २००५ चा राष्ट्रीय कायदा उभा राहिला. त्याचे शंभर दिवस केंद्राच्या खर्चाने आणि पुढील दिवस राज्याच्या खर्चाने, अशी महाराष्ट्राची तजवीज होती. अंमलबजावणीत दिरंगाई होती, भ्रष्टाचार होता, मजुरी थकत असे. तरीही मजुराला मुकादमाखेरीज दुसरे एक दार ठोठावता येत होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवसांची संख्या शंभरावरून १२५ केली आहे आणि जाहिरात तिचीच होते. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आहे, केंद्राचा वाटा आगाऊ ठरवलेल्या मर्यादेत बांधला आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद केली आहे. मागणीप्रमाणे तरतूद हे हमीचे तत्त्व होते. त्याची जागा तरतुदीप्रमाणे मागणी या तत्त्वाने घेतली आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने हंगामाची अट विशेष घातक ठरू शकते. डोंगरपट्ट्यात पेरणी काही दिवसांत आटोपते आणि त्यानंतरचे आठवडे हेच मुकादमाच्या उचलीचे असतात. नेमक्या त्या वेळी सरकारी काम बंद राहिले, तर शासनाने मुकादमाचा धंदा सोपा करून दिला असेच होईल.

उद्याचा धोका याहून मोठा आहे. ऊस तोडणारी यंत्रे फडात उतरू लागली आहेत आणि त्यांच्या खरेदीस शासन अनुदान देते. माणसाच्या पाठीचे ओझे यंत्राने घ्यावे यात समाजवाद्यांना दुःख नाही. कोयता हे काही जपून ठेवावे असे वैभव नव्हे. पण यंत्राच्या मालकाला अनुदान आणि कोयता सुटलेल्याला काहीच नाही, हा कोणता न्याय? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती संघटित दबावामुळे. कामच उरले नाही, तर दरवाढीचा करार कोणाशी करायचा?

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक झाला आहे. त्याचा लाभ घेऊन मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्याचे, कामाच्या दिवसांवर आधारलेले आणि हंगामवार आकडे प्रसिद्ध झाले पाहिजेत. ऊसतोड मजुराची नोंद गाव सोडतानाच ग्रामपंचायतीत व्हावी. कारखान्याने त्याला थेट आपला मजूर मानावे आणि बाईची मजुरी बाईच्या खात्यात जमा व्हावी. मृद व जलसंधारणाची कामे दसऱ्यापूर्वी, उचलीच्या महिन्यांतच सुरू व्हावीत. केंद्राने हात आखडता घेतला तरी राज्याने १९७७ च्या आपल्या वचनाला जागावे. यंत्रांवरील अनुदानाइतकीच रक्कम विस्थापित होणाऱ्या मजुरांच्या पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवावी.

या मागण्या मंत्रालयात निवेदन देऊन पुऱ्या होणार नाहीत. येत्या पावसाळ्यात कार्यकर्त्यांनी डोंगरपट्ट्यातील एकेका गावात बसून कामाच्या मागणीचे लेखी अर्ज भरून घेतले पाहिजेत, त्यांची तारखेसह पोच घेतली पाहिजे आणि गावातून किती कोयते गेले याची वही ठेवली पाहिजे. सरकारी तक्त्यात ज्यांना रकाना नाही, त्यांची मोजदाद प्रथम चळवळीने करावी. अशा शंभर गावांच्या वह्या जिल्हाधिकारी कचेरीच्या टेबलावर ठेवता आल्या, तर ३.२ टक्क्यांचा आकडा पुढे करून कोणालाही सुटका करून घेता येणार नाही.