मालाला वाट, माणसाला कुंपण

चीनमधल्या चोंगकिंगहून जर्मनीतल्या ड्युइसबर्गपर्यंत २०११ पासून कंटेनरच्या मालगाड्या धावत आहेत. समुद्रमार्गे महिनाभराहून जास्त वेळ घेणारा माल रेल्वेने साधारण दोन-तीन आठवड्यांत पोहोचतो. वाटेत एक अडचण आहे. चीनमधल्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, तर कझाकस्तानात १५२०. म्हणून खोरगोससारख्या सीमेवरच्या ठाण्यात क्रेनने कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवतात. इच्छा होती म्हणून तोडगा निघाला.

या गाड्या जिथून सीमा ओलांडतात तो प्रांत शिंजियांग, उइगुर मुसलमानांची भूमी. तिथल्या लोकांना २०१६ मध्ये पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायला लावले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात तिथे मानवाधिकारांचे गंभीर उल्लंघन झाल्याचे नोंदवले. आणि मुस्लिम देशांची इस्लामी सहकार्य संघटना? मुस्लिम नागरिकांची काळजी घेतल्याबद्दल तिने २०१९ मध्ये अबुधाबीत चीनचे कौतुक केले!

व्यापाराला विरोध नाही. इस्लामने व्यापार हलाल ठरवला आहे, पण मापात पाप करायला सक्त मनाई केली आहे. पॅलेस्टाईनसाठी आपण बोलतो, बोललेच पाहिजे. मग उइगुरांबाबत गप्प का? जुलूम करणारा कोण, हे पाहून आपले माप बदलता कामा नये.