पपेटच्या घरात दोन चुली: नव्या सर्व्हरला याचा फटका कसा बसतो?

नवा फोन घेतला की पहिला तास कसा जातो ते तुम्हाला माहीत आहे. वाय-फाय, गूगल अकाउंट, जुन्या फोनचा बॅकअप. मग एकेक अ‍ॅप परत येतं, वॉलपेपरसुद्धा तोच, आणि संध्याकाळपर्यंत फोन आपला वाटायला लागतो. आता हेच काम दोनशे मशीनवर करायचंय आणि सगळी मशीन तंतोतंत सारखी हवीत, अशी कल्पना करा. आमच्या कामात याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. हे काम करणारं एक जुनं, नावाजलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे पपेट. २०२५ च्या सुरुवातीला पपेटच्या घरात दोन चुली झाल्या. मोबाइलच्या बातम्यांच्या गर्दीत ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. पण ज्याला त्यानंतर नवा सर्व्हर उभा करावा लागला, त्याला ती चांगलीच कळली.

आधी पपेट करतं काय ते पाहू. ल्यूक केनीज नावाच्या माणसाने २००५ मध्ये ते सुरू केलं. त्यामागची कल्पना साधी आहे. सर्व्हरवर एकेक कमांड मारत बसायचं नाही. एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं की हे मशीन कसं असायला हवं: अमुक वेब सर्व्हर बसवलेला हवा, अमुक पोर्ट बंद हवं, अमुक युजर हवा, तमुक नको. प्रत्येक मशीनवर पपेटचा एक छोटा एजंट असतो. तो साधारण दर अर्ध्या तासाने मुख्य सर्व्हरला विचारतो, 'मी कसा असायला हवा?' जिथे फरक दिसेल तिथे तो दुरुस्ती करतो. सगळं जागेवर असेल तर कशालाही हात लावत नाही. रात्री दोन वाजता कुणी घाईत एखादं सेटिंग बदललं, तर अडीचच्या आत ते परत जागेवर येतं. (ज्याने बदललं त्याला सकाळी वाटतं, भूत आहे.)

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मराठी विकिपीडिया उघडा. ते पान तुमच्यापर्यंत आणणारे विकिमीडियाचे सर्व्हर पपेटनेच सांभाळले जातात, आणि त्यासाठीचा कोड कुणालाही वाचता येतो. युरोपातली सर्न ही प्रयोगशाळासुद्धा पपेट वापरते.

हाताने केलं तर काय बिघडतं? १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांच्या कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. तो सातांवर गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना, अडगळीत पडलेला कोड जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर गेले. आठपैकी एक राहिला, एवढंच!

आता वाटणीकडे येऊ. पपेट बनवणारी कंपनी २०२२ मध्ये परफोर्सने विकत घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये परफोर्सने जाहीर केलं की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून पपेटची नवी तयार पॅकेजेस सार्वजनिक जागी न ठेवता एका खासगी, नियंत्रित ठिकाणी ठेवली जातील. तिथून घ्यायची तर कंपनीच्या अटी मान्य करायच्या. फुकटात मर्यादा २५ मशीनची, त्यापुढे पैसे. सोर्स कोडचं लायसन्स मात्र बदललं नाही, ते अपाची २.० च आहे.

मग तक्रार कशाची? कोड तर खुलाच आहे, असं कुणीही म्हणेल. इथेच खरी मेख आहे. अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला आहे म्हणून तुम्ही तो तसाच फोनवर टाकू शकता का? नाही. कुणीतरी तो बिल्ड करून, तपासून, तुमच्या मॉडेलची फाइल बनवून द्यावी लागते. सर्व्हरचंही तेच आहे. नवं मशीन सोर्स कोड मागत नाही. ते तयार, सही केलेलं पॅकेज मागतं. त्यामुळे पॅकेजच्या गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे कोडच्या लायसन्सपेक्षा जास्त ताकद असते.

पपेटची मॉड्यूल्स वर्षानुवर्षं सांभाळणारा व्हॉक्स प्युप्युली नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे. त्यांनी हे पाहून वेगळी चूल मांडली. जानेवारी २०२५ मध्ये ओपनव्हॉक्स या नावाने त्यांचं पहिलं पॅकेज आलं, पपेट ८ च्या जागी सरळ बसेल असं. तोच कोड, बांधणारे हात वेगळे, गोदाम सगळ्यांना खुलं.

परफोर्सची बाजू मला अगदीच चुकीची वाटत नाही. तपासलेली, सुरक्षित पॅकेजेस बनवायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. हजारो मशीन चालवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एक रुपया न देता ती वापरावीत, हेही काही फार न्यायाचं नाही. पण २५ ही मर्यादा बड्यांना लागत नाही, ते पैसे भरून मोकळे होतात. ती लागते तीस मशीनच्या कॉलेज लॅबला आणि चाळीस सर्व्हरच्या छोट्या टीमला. मी त्यातल्याच एका छोट्या टीममध्ये आहे, त्यामुळे माझं मत थोडं कललेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या बदलाचा फटका जुन्या मशीनला लगेच बसत नाही. त्यांच्यावर एजंट बसलेला असतो, तो आपलं काम करत राहतो. परीक्षा होते ती कोऱ्या मशीनची. कधी हे नापास होणं ओरडून सांगितलं जातं. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि ज्या पत्त्यावरून ते पॅकेजेसची यादी मागायचं तो पत्ताच बंद झाला. आधीची मशीन मजेत चालू होती, आणि नव्यावर पहिल्याच इन्स्टॉलला एरर! पॅकेजेस नष्ट झाली नव्हती, जुन्यांच्या साठ्यात हलवली होती. पण स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता लिहिलेला असेल तर मशीनला ते कसं कळणार?

पपेटच्या बाबतीत तर एररही येत नाही, म्हणून ते जास्त फसवं आहे. पूर्वीची पॅकेजेस सार्वजनिक जागी राहिली, नवी तिथे येईनाशी झाली. तुमची स्क्रिप्ट जुन्या पत्त्यावर जाते, तिथे जे सर्वात ताजं मिळेल ते आणते, बसवते आणि सगळं हिरवं दाखवते. मशीन उभं राहतं, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नसलेलं सॉफ्टवेअर घेऊन. आणि हे सॉफ्टवेअर कॅल्क्युलेटर नाही, त्याच्याकडे सर्व्हरवरचे सर्वोच्च अधिकार असतात.

त्या अधिकारांचं महत्त्व कळायला सॉल्ट या दुसऱ्या अशाच सॉफ्टवेअरची गोष्ट पुरे आहे. ३० एप्रिल २०२० ला त्यातल्या दोन गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. पासवर्ड न देता मुख्य सर्व्हरला हुकूम देता येत होता, आणि असे सहा हजारांहून जास्त मुख्य सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडे होते. दोन-तीन दिवसांत हल्ले सुरू झाले. त्यात लिनिएजओएसचे सर्व्हरही सापडले. हो, तेच लिनिएजओएस, जे तुमच्यापैकी काहींनी जुन्या फोनवर टाकून पाहिलं असेल. बिल्डवर सही करणाऱ्या किल्ल्या सुरक्षित आहेत, असं त्यांनी सांगितलं, म्हणून थोडक्यात निभावलं. त्या किल्ल्या गेल्या असत्या, तर एका सर्व्हरची भानगड लोकांच्या खिशातल्या फोनपर्यंत आली असती.

म्हणून नव्या मशीनवर पपेट किंवा ओपनव्हॉक्स बसवताना इन्स्टॉलपेक्षा मी पहिल्या ओळखीकडे जास्त लक्ष देतो. एजंट पहिल्यांदा सुरू झाला की स्वतःची किल्ली बनवतो आणि मुख्य सर्व्हरकडे अर्ज पाठवतो: मी अमुक नावाचं मशीन, मला सर्टिफिकेट द्या. तिथे बसलेल्या माणसाने त्या अर्जाचा फिंगरप्रिंट नव्या मशीनवर दिसणाऱ्या फिंगरप्रिंटशी जुळवायचा आणि मग सही करायची. कंटाळवाणं काम आहे. म्हणून बरेच जण सरसकट आपोआप सही होईल असं सेटिंग करून ठेवतात. याचा अर्थ, जो कुणी मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचेल आणि एखादं खपणारं नाव सांगेल, त्याला त्या नावाच्या मशीनचं कॉन्फिगरेशन मिळतं, आणि त्यात बहुतेक वेळा पासवर्डही असतात.

या पायरीवर मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे. कपाटातून काढलेलं जुनं मशीन होतं. एजंट बसला, पण मुख्य सर्व्हरचं सर्टिफिकेट तो काही केल्या मान्य करेना. मी फायरवॉल तपासली, पत्ता तपासला, एजंट दोनदा काढून परत टाकला. शेवटी सहज तारीख पाहिली, तर मशीनच्या मते अजून २०१६ चालू होतं! मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता. त्याच्या हिशोबाने आमचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नव्हतं. फोनची तारीख चुकली की साइट उघडत नाहीत, तोच प्रकार. तेव्हापासून नव्या मशीनवर आधी नाव आणि घड्याळ, मग बाकी सगळं.

ओपनव्हॉक्सबद्दल शंका नाहीत असं नाही. स्वयंसेवकांचा उत्साह किती वर्षं टिकेल? आज दोन्हींचा कोड जवळपास सारखा आहे, पण दोन्हीकडे वेगळ्या दुरुस्त्या होत गेल्या तर आज दोन्हींवर चालणारं मॉड्यूल आणखी काही वर्षांनी एकावरच चालेल, हे शक्य आहे. दुसरीकडे पळून जावं म्हटलं तर तिथेही मालक बदललेलेच आहेत. अ‍ॅन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटकडे आणि रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे गेलं. सॉल्ट व्हीएमवेअरमार्गे ब्रॉडकॉमकडे पोहोचलं, शेफ २०२० मध्ये प्रोग्रेसने घेतलं. अ‍ॅन्सिबलला नव्या मशीनवर एजंट लागत नाही, एसएसएच आणि पायथन पुरतं, त्यामुळे निदान या एका बाबतीत ते सुटसुटीत आहे. पण वर्षानुवर्षं लिहिलेला पपेटचा कोड त्यात उतरवणं म्हणजे काही महिन्यांचं काम, आणि ते काम करायला आमच्याकडे माणूस नाही.

आम्ही शेवटी मधला मार्ग घेतला. नवी मशीन ओपनव्हॉक्सवर. पॅकेजेस थेट इंटरनेटवरून न घेता आमच्याच एका सर्व्हरवर त्यांची प्रत ठेवतो, सही तपासून. पहिला रन नेहमी फक्त 'काय बदलशील ते सांग' या मोडमध्ये घेतो आणि यादी वाचल्यावरच खरा. शिवाय महिन्यातून एकदा एक कोरं मशीन शून्यापासून उभं करतो आणि चाललं की पुसून टाकतो. जुनी मशीन अजून हलवलेली नाहीत, दर आठवड्याला चार-चार घ्यायची असं ठरलंय. हलवलेल्या मशीनवर कमांड अजूनही पपेट याच नावाने चालते आणि फोल्डरही पपेटलॅब्ज याच नावाचं आहे. त्यामुळे कुठलं मशीन कुठल्या चुलीवरचं, हे पाहायला आम्ही एक वेगळी एक्सेल शीट ठेवली आहे, आणि ती मात्र हातानेच भरावी लागते.