आयदर ऑर सर्व्हायव्हर

कुत्रं आणि मुंगूस एका घरात गुण्यागोविंदानं नांदतात, असं आमचे अकोल्याचे साडभाऊ म्हणतात. मी म्हणतो, नांदत नाहीत. या एका मुद्द्यावरून दिवाळीपासून आम्हा दोघांचं बोलणं बंद आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यानं त्यांचं मात्र दुप्पट सुरू आहे. बँकेच्या काउंटरवर जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. आज एक आपलीही नोंदवून टाकतो.

त्याचं असं झालं. मोर्णेच्या काठावर मुंगसाचं पिल्लू सापडलं, ते साडभाऊंनी खिशात घालून घरी आणलं. घरात मोती होताच. पंधरा दिवसांत दोघं एका पोत्यावर झोपू लागले. मग काय विचारता! ते दृश्य पाहायला आम्हाला अमरावतीहून शंभरेक किलोमीटर एसटीचे धक्के खात जावं लागलं.

"पाह्य ना भाऊ," साडभाऊ म्हणाले, "माणसाईले जमत नाई, थे याईले जमलं!"

मला मात्र ते पोतं पाहून जॉइंट खातं आठवलं. नवरा-बायको, भाऊ-भाऊ हसत हसत येतात, फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहितात, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे उरेल तो. उरेल तो, या शब्दांचा अर्थ खातं उघडताना कोणीच विचारत नाही.

साडभाऊंनी मग दाखले काढले. पहिला पंचतंत्राचा. मुंगसानं तान्ह्या बाळाला सापापासून वाचवलं नव्हतं का? वाचवलं होतं. पण त्याच्या तोंडाचं रक्त पाहून बाळाच्या आईनंच त्याला ठार केलं, हे साडभाऊ विसरतात. तिकडे वेल्स देशात हीच गोष्ट गेलर्ट नावाच्या कुत्र्याची म्हणून सांगतात. तिथंही इमानदार जनावर धन्याच्याच हातून मरतं. इकडे मुंगूस, तिकडे कुत्रं. दोघांना एकाच घरात ठेवण्याचं धाडस मात्र या दोन्ही गोष्टी सांगणाऱ्यांनी केलं नाही.

दुसरा दाखला अमेरिकेचा. तिकडे म्हणे लोक कुत्र्याबरोबर स्कंकसुद्धा पाळतात! पाळतात, काही राज्यांत परवानगीही आहे. पण त्याआधी पिल्लाच्या वासाच्या ग्रंथी कापून काढतात. म्हणजे पाहुण्याला ठेवून घ्यायचं, फक्त त्याचं नाक-तोंड आपल्या सोयीनं बदलून! मुंगसालाही शेपटीखाली अशा ग्रंथी असतात आणि तो जागोजागी वास घासून आपली हद्द ठरवतो. कुत्र्याची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. साडभाऊंच्या सोफ्यावर दोघांच्याही नमुना सह्या आहेत. तिथं मी उभ्यानंच चहा घेतला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दिवाळीच्या दिवशी साडभाऊंनी दोघांच्या मधोमध एक उकडलेलं अंडं ठेवलं. पाहुण्यांना प्रेम दाखवायचं होतं ना! मोती गुरगुरला. मुंगूस फुगून दुप्पट झालं. आणि साडभाऊंची सात वर्षांची पोरगी "भांडू नका रे" म्हणत मधे हात घालून मोकळी झाली.

चावलं मुंगूस. खिडकीतून उडी मारून ते जे मोर्णेकडे गेलं, ते गेलंच.

साडभाऊ हळद शोधत होते. मी पोरीचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धूत राहिलो. डॉक्टर म्हणाले, कुत्रं चावलं असतं तर इंजेक्शनं सुरू करून दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवता आली असती. मुंगसाला ती सवलत नाही. जंगली जनावर, वर फरार. पूर्ण कोर्स घ्यावा लागेल. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि मग लशीचे हप्ते. हे हप्ते थकवता येत नाहीत, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की बहुधा कोणी वाचत नाही. मोतीला दरसालची लस होती. मुंगसाला कोण देणार?

उंदीर मारायला म्हणून 1872 मध्ये आपल्याकडची मुंगसं जमैकाच्या उसात नेऊन सोडली. त्यांनी तिथले पक्षीही फस्त केले. त्यांचा वंश इतर बेटांवरही पसरला आणि पोर्टो रिको, ग्रेनाडा इथं आज रेबीज पसरवण्यात तोच पुढे आहे. यात मुंगसाचा काय दोष? त्याला कोणी विचारलं होतं?

माझं भांडण मुंगसाशी नाहीच. शेताच्या बांधावर ते दिसलं की मी अजूनही थांबतो. लहानपणी रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगत होतो, तसा. माझं भांडण आहे ते त्याला पोत्यावर निजवून स्वतःच्या प्रेमळपणाचं प्रदर्शन मांडणाऱ्यांशी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आज मुंगूस घरात ठेवणं गुन्हा आहे. पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवायचं, खिशात घालायचं नाही.

पोरगी बरी आहे. शेवटच्या इंजेक्शनला मीच गेलो होतो. परतताना तिनं विचारलं, "मोठे बाबा, मुंगसाले तिकडे अंडं कोन देईन?"

मी म्हटलं, "तिकडे त्याले कोनी द्यायची गरज नाई, बाई."

साडभाऊंनी एवढं मान्य केलं की मी पहिला फोन करीन.