भरिताला भिऊ नका, बर्फाला भ्या

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातली एखादी लेक किंवा सून गरोदर आहे असं कळलं, की अभिनंदनाच्या पाठोपाठ व्हॉट्सॲपवर न खायच्या पदार्थांची यादी येते. पपई नको, वांगं नको, तीळ नको, बाजरी उष्ण पडते. खानदेशी घरात ही यादी तंतोतंत पाळली तर त्या बाईनं खायचं तरी काय? थंडीत यावलजवळच्या बामणोदची मोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची, मिरचीसोबत लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि पानात कळण्याची भाकरी. (त्यात तेल किती, यावर वेगळा लेख होईल.) जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्याच लेकीनं नऊ महिने त्याच्या नुसत्या वासावर भागवायचं! नीट भाजलेल्या वांग्यानं गर्भाला अपाय होतो, याला काहीही आधार नाही. ही बंदी उठवावी, आणि जिथे खरंच हवी तिथे लावावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पपईचंही तसंच. शहादा-शिरपूरकडे शेतंच्या शेतं पपईची, आणि घरातल्या गरोदर बाईला मात्र फोडही मिळत नाही. कच्च्या पपईच्या चिकाबद्दलची भीती अगदीच पोकळ नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या चिकानं उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले, पिकलेल्या फळाच्या रसानं तसं झालं नाही. तेव्हा कच्ची टाळा, पूर्ण पिकलेली खुशाल खा.

आयुर्वेदाचा दाखला देऊन गप्प करणाऱ्यांनी चरक पुन्हा उघडावा. गर्भाला घातक ते सोडून तिला हवं ते द्या, असं तो सांगतो. आणि एखाद्या अहितकर गोष्टीची इच्छा फारच तीव्र असेल, तर तीही हितकर पदार्थात मिसळून द्या, म्हणतो. आपल्या सासवांपेक्षा तो बराच उदार होता.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. गरोदरपणात चटपटीत खावंसं वाटतं, आणि आपल्या मुली बाळंतपणाआधी एकदा माहेरी जाऊन येतात. जळगावात किंवा धुळ्यात संध्याकाळी पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा. कोणी नको म्हणत नाही, उलट हौसेनं नेतात. तिथे नळाला रोज पाणी येत नाही, मधले दिवस साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. पाणी बंद असताना नळाच्या वाहिनीत दाब नसतो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर फटीतून घाण आत ओढली जाते. कावीळ करणारा हेपेटायटिस ई याच वाटेनं येतो. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी मिसळलेल्या यमुनेच्या पाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तो हाच विषाणू होता हे पुढे कळलं. एरवी तो बहुतेकांना सोडून देतो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरात वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणीपुरी घरी करा, उकळून गार केलेल्या पाण्यात. चिंच, पुदिना, तिखट सगळं तेच.

दुसरी गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, राख खावीशी वाटणं. ‘डोहाळेच ते’ म्हणून सोडून देतात. पुष्कळदा त्यामागे रक्तातली लोहाची कमतरता असते, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मातीतून जंत येतात, शिसंही येऊ शकतं. अशा वेळी तिला रागावून काही होत नाही, हिमोग्लोबिन तपासायला हवं. गोळ्यांनी बाळ काळं होतं ही समजूत सोडावी, गोळीच्या आगेमागे चहा टाळावा, जेवणात लिंबू पिळावं.

शिशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात जास्त शिसं सापडलं. सहाही जणी परदेशातून आलेल्या होत्या, आणि ते भारतात बनलेल्या आयुर्वेदिक औषधांतून आलं होतं. मावशी प्रेमानं बॅगेत घालते ती भस्माची पुडी डॉक्टरला दाखवल्याशिवाय उघडू नका. वांग्याला नाही म्हणणारं घर या पुडीला मात्र हात जोडतं, हे मला कधीच समजलेलं नाही.

इथल्या, परदेशातल्या धोक्यांची यादी आपल्या आजीकडे असणं शक्यच नव्हतं. कच्च्या दुधाचं मऊ चीज, दुकानातले थंड मांसाचे काप यांतून लिस्टेरिया येतो, आणि तो गरोदर बाईला इतरांपेक्षा सुमारे दहापट सहज गाठतो. फ्रिजच्या थंडीतही तो वाढतो, त्यामुळे रविवारी रांधून शुक्रवारपर्यंत पुरवायची आपली रीत या महिन्यांत बंद ठेवावी. उरलेलं दुसऱ्या दिवशी संपवा, वाफ येईपर्यंत गरम करून. आणि आपल्या डोहाळजेवणात पौष्टिक म्हणून कच्च्या मोडांच्या मुगाची कोशिंबीर असते. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेलाला मानवते. तो दाण्याच्या आत शिरला तर कितीही धुतलं तरी जात नाही. त्या मुगाची उसळ करावी.